सर्किट बिघडू द्या

नव्या सत्राची प्रात्यक्षिके आता सुरू होतील. डिप्लोमाच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षातल्या अनेक मुलामुलींच्या हातात प्रथमच मल्टिमीटर येईल. पुष्कळ प्रयोगशाळांत त्यांच्यासमोर ट्रेनर किट असेल. आतले सर्किट आधीच जोडलेले, वर आकृती छापलेली. चार पॅच कॉर्ड खोचल्या की प्रयोग झाला. रीडिंग टिपायचे, जर्नल लिहायचे, सही घ्यायची. पण सत्राअखेरीस तोंडी परीक्षेत त्याच विद्यार्थ्यापुढे सुटा एलईडी, रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर ठेवले, तर तो गांगरतो. यात त्याचा काय दोष? सर्किट जोडायला आणि बिघडवायला आपण त्याला कधी दिलेलेच नसते.

किट निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. डायोडचा आलेख काढताना ते वेळ वाचवते. पण शिकण्याची सुरुवात ब्रेडबोर्डवरच व्हायला हवी. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच भोके आतून जोडलेली असतात, कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात, या गोष्टी फळ्यावर सांगून उपयोग नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, बीप ऐकत विद्यार्थ्याने त्या स्वतः शोधल्या, की पुन्हा विसरत नाहीत. मग पहिले गणित : पुरवठा ५ व्होल्ट, तांबड्या एलईडीवर सुमारे २ व्होल्ट, रेझिस्टर ३३० ओहम. प्रवाह साधारण ९ मिलिअँपिअर यायला हवा. आकडा आधी वहीत लिहायचा, मगच मीटर सिरीजमध्ये जोडायचा.

खरे शिक्षण मात्र सर्किट चालेनासे होते तेव्हा सुरू होते. बीसी ५४७ चेच पाहा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. नवखे विद्यार्थी तो हमखास उलटा खोवतात. गंमत अशी की एलईडी तरीही लागतो, पण मंद. अशा वेळी आपण काय करतो? पुढे होतो, ट्रान्झिस्टर काढून सुलटा लावतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. तिथेच धडा हातचा जातो. त्याऐवजी म्हणावे, ‘कलेक्टर आणि एमिटरमधला व्होल्टेज मोज.’ पूर्ण चालू झालेल्या ट्रान्झिस्टरवर तो ०.२ व्होल्टच्या आसपास असायला हवा; इथे बराच जास्त दिसतो. का, हे शोधताना विद्यार्थ्याला डेटाशीट उघडावी लागते. उलट्या बाजूने ट्रान्झिस्टरचा गेन फार कमी असतो, हे त्याला स्वतःच्या टेबलावर कळते.

दुसरे उदाहरण ५५५ टायमरचे. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी आखलेली ही चिप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांच्या हाताखाली आहे. १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले, तर सूत्राप्रमाणे एलईडी सेकंदाला जवळजवळ एकदा लुकलुकतो. पण साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असू शकते. त्यामुळे प्रत्येक टेबलावरचा वेळ वेगळा यायला हवा. तरीही एका बॅचच्या सगळ्या जर्नलांत तोच आकडा उतरतो, कारण सूत्राशी जुळणाऱ्या उत्तरालाच गुण मिळतात, हे मुलांनी ओळखलेले असते. ही सवय त्यांना आपणच लावली आहे.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. बॅच मोठी, तास दोन, अभ्यासक्रमातल्या प्रयोगांची संख्या ठरलेली. पण रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर काही रुपयांत मिळतात, आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर मुलांना धोका जवळजवळ नाही. पुरवठ्याला करंट लिमिट लावली, तर जळालेच तर एखादा सुटा भागच जळेल. तेवढा खर्च प्रयोगशाळेच्या वार्षिक मागणीत बिनदिक्कत धरावा. सिम्युलेटर पूर्वतयारीला जरूर वापरावा, पण सैल वायर आणि उलटा खोवलेला पाय तिथे भेटत नाही.

म्हणून या सत्रासाठी आमच्या तीन आग्रहाच्या मागण्या आहेत. पहिली, सुरुवातीची चार प्रात्यक्षिके किटशिवाय, सुट्या भागांवर घ्यावीत. दुसरी, जर्नलच्या प्रत्येक प्रयोगात ‘काय बिघडले, कसे शोधले’ असे अर्धे पान ठेवावे आणि टर्म वर्कच्या गुणांत त्याला वाटा द्यावा. सूत्राशी न जुळणारे पण प्रामाणिक रीडिंग, कारणासह लिहिलेले असेल, तर त्याचे पूर्ण गुण द्यावेत. तिसरी, तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी मुद्दाम एक दोष घातलेले सर्किट पुढे ठेवून दहा मिनिटे द्यावीत. प्रयोगशाळा सहाय्यकांना या आखणीत सुरुवातीपासून घ्यावे. कोणता दोष कुठे लपतो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते.

उद्या दुरुस्ती विभागात, कारखान्याच्या टेस्ट बेंचवर किंवा स्वतःच्या उद्योगात या मुलांसमोर चालू सर्किट क्वचितच येईल. येईल ते बंद पडलेले. त्याला न घाबरता हात घालण्याची तयारी पहिल्याच वर्षी झाली पाहिजे, आणि ती करून घेणे आपलेच काम आहे.