चार सेकंद कुणाचे?

मैत्रिणींनो, या अंकासाठी मी मोटारींच्या शर्यतीवर लिहिणार आहे असं सांगितल्यावर आमच्या गटातल्या दोघी-तिघी हसल्या. "आता एवढंच राहिलं होतं!" असंही एकजण म्हणाली. पेट्रोल जाळत सरळ रेषेत धावायचं आणि करंडक मिरवायचा, या श्रीमंती खेळाशी आपला काय संबंध? मलाही असंच वाटत होतं. पण मध्यंतरी अमेरिकेत ओहायो राज्यात राहणाऱ्या भाचीकडे महिनाभर होते. तिच्या कार क्लबची पहिलीवहिली ब्रॅकेट शर्यत पाहिली. त्या दिवशी ऐकलेलं एक वाक्य आपण इथे रोज ऐकतो तेच होतं. म्हणून हा लेख.

भाची कोलंबस शहराजवळ राहते. तिच्याकडे बरीच जुनी होंडा सिव्हिक आहे, आणि त्या गाडीचं तेल बदलण्यापासून ब्रेक पॅड बसवण्यापर्यंत सगळं ती स्वतः करते. तिच्या क्लबात वीस-पंचवीस जण. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या बायका चार. बाकीच्या सभासदांच्या बायका किंवा मैत्रिणी म्हणून येतात आणि खाण्यापिण्याचं बघतात. (इतक्या लांब जाऊन हे बघितलं आणि घरच्यासारखं वाटलं!) आजवर या क्लबाचा कार्यक्रम म्हणजे रविवारी गाड्या पुसूनपासून एका पटांगणात उभ्या करायच्या आणि एकमेकांचं कौतुक करायचं. या वेळी प्रथमच ड्रॅग स्ट्रिपवर जायचं ठरलं.

ठरवण्याच्या बैठकीत एका गृहस्थांनी प्रेमानेच सुचवलं, की बायकांसाठी वेगळी शर्यत ठेवू, वेगळा करंडक देऊ. अमेरिकेत बायकांच्या अशा शर्यतींना वर्षानुवर्षं 'पावडर पफ' म्हणत आले आहेत. तोंडाला पावडर लावायचा तो मऊ बोंडा! भाचीने आणि इतर तिघींनी साफ नकार दिला. "ब्रॅकेटमध्ये वेगळ्या गटाची गरजच नाही. नियम वाचा," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हा मलाही नियम समजून घ्यावे लागले.

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रस्त्यावर पळवायच्या. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर; काही ठिकाणी त्याच्या निम्मं. साध्या शर्यतीत ज्याचं इंजिन मोठं, म्हणजे बहुधा ज्याचा खिसा मोठा, तोच जिंकणार. ब्रॅकेट रेसिंगने यावर तोड काढली आहे. आधी सरावाच्या फेऱ्या होतात. आपली गाडी हे अंतर किती सेकंदांत कापते ते छापील चिठ्ठीवर मिळतं. त्यावरून चालकाने आपला आकडा स्वतः ठरवायचा आणि पांढऱ्या बूटपॉलिशने गाडीच्या काचेवर ठळक लिहायचा. याला 'डायल-इन' म्हणतात. मग दोन आकड्यांमध्ये जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडीला आधी सोडतात. सुरुवातीच्या रेषेपुढे दिव्यांचा एक खांब असतो, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हळू गाडीचे दिवे आधी लागतात, वेगवान गाडीचे नंतर. हिरव्याच्या आधी निघालात तर लाल दिवा आणि शर्यत संपली.

आता खरी गंमत. काचेवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात अंतर कापलंत, तर तुम्ही बाद! याला 'ब्रेकआउट' म्हणतात. दोघंही आकड्याच्या खाली गेले, तर जो कमी खाली गेला तो जिंकतो. म्हणजे मुद्दाम मोठा आकडा लिहून फुकटची आघाडी घेता येत नाही. स्वतःची गाडी नीट ओळखणं, आकडा प्रामाणिकपणे लिहिणं, दिव्याकडे लक्ष ठेवून वेळेवर निघणं आणि दर वेळी सारखं धावणं, यावर निकाल लागतो. इंजिनाच्या ताकदीतला फरक आधीच भरून काढलेला असतो. उरतो तो माणसामाणसातला मुकाबला.

शर्यतीच्या दिवशी मी साडी सावरत लाकडी बाकांवर बसले होते. भाचीने काचेवर १७.६२ लिहिलं. पहिल्या फेरीत तिच्यासमोर आला एक पन्नाशीचा अनुभवी गडी, मोठ्या इंजिनाची मस्टँग घेऊन. त्याचा आकडा १३.४०. फरक ४.२२ सेकंदांचा. भाचीला चार सेकंद म्हणजे किती ते बसल्या बसल्या कळलं नाही. पण तिची गाडी निघून गेल्यावर तो बिचारा जागच्या जागी इंजिन गुरगुरवत उभा राहिलेला पाहिला, तेव्हा कळलं. भाची नवखी. अनुभवी लोक शेवटच्या पिवळ्या दिव्यालाच निघतात, ही हिरव्याची वाट पाहत राहिली. नंतर म्हणाली, "मावशी, तो मागून येताना आरशात दिसत होता ना, पोटात गोळा आला होता." शेवटी त्याने तिला गाठलं आणि मागेही टाकलं. पण फलकावर भाचीच्या बाजूचा दिवा लागला. त्याने १३.३६ सेकंद घेतले होते. चार शतांश सेकंदांनी तो स्वतःच्याच आकड्याच्या खाली गेला होता.

तो गाडीतून उतरला, भाचीशी हात मिळवला आणि म्हणाला, "चूक माझीच. शेवटी पाय उचलायला हवा होता." त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार केली ती न धावलेल्यांनी. क्लबातला एक तरुण कोकचा डबा हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चार सेकंद फुकट मिळाल्यावर कोणीही जिंकेल."

हेच ते वाक्य. शब्द वेगळे असतील, पण आपल्याकडची कुठली सरपंच, कुठली नगरसेविका हे ऐकल्याशिवाय राहिली आहे?

भाचीने दिलेलं उत्तर मला आवडलं. ती म्हणाली, "चार सेकंद माझ्या गाडीला मिळाले, मला नाही. मी आयती जिंकले हे खरं, कारण त्याचा अंदाज चुकला. पण तू माझ्या गाडीत बसलास तर तुलाही चार सेकंद मिळतील, आणि मी त्याच्या गाडीत बसले तर मला थांबावं लागेल." तो तरुण गप्प बसला. पटलं म्हणून की नाही, ते कोण सांगणार.

मैत्रिणींनो, हा फरक आपण बोलताना नेहमी सोडून देतो. १९९३ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गावाच्या, शहराच्या कारभारात एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तेव्हापासून आपल्याला सांगितलं जातं, की ही सवलत आहे, बायका कमी पडतात म्हणून दिली आहे. आणि शिबिरात आपल्यातलीच एखादी दबक्या आवाजात विचारते, "ताई, ही भीकच नाही का?" नाही, बाई. ती आघाडी तुझ्या अकलेला दिलेली नाही, तुझ्या गाडीला दिली आहे. सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, हातात पैसा नाही, पहाटे पाण्यापासून दिवस सुरू होतो आणि रात्री भांड्यांपाशी संपतो. ही तुला मिळालेली गाडी. ज्याला दुसरी गाडी मिळाली, त्याने ती स्वतः बांधलेली नाही. त्याला ती बहुतेक वेळा वारशाने मिळाली आहे.

कोणी म्हणेल, खेळाची तुलना आयुष्याशी कशाला? तुलना पुरी पडत नाही, हे मलाही मान्य आहे. दिव्यांचा खांब यंत्र आहे. आत बाई बसली आहे की पुरुष, ते त्याला दिसत नाही आणि तो कोणाच्या दबावाखाली येत नाही. आपल्याकडे हिरवा दिवा लागला तरी नवरा येऊन चालकाच्या जागेवर बसतो आणि गाव त्याला सरपंच म्हणून हाक मारतं. लोकसभा आणि विधानसभांमधल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ साली झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली गेली. शर्यतीत असा दिवा कोणी लावला असता तर प्रेक्षकांनी दंगा केला असता.

आणि त्या खेळातही सगळं आपोआप झालेलं नाही. बायकांना आधी फाटकातून आत यावं लागलं. शर्ली शाहान यांनी १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय हॉट रॉड संघटनेची मोठी स्पर्धा जिंकली; असं करणारी ती पहिली बाई. शर्ली मुल्डाउनी यांना १९७३ मध्ये सर्वांत वेगवान 'टॉप फ्युएल' गटाचा परवाना मिळाला, आणि तोही आधीच्या परवानाधारक पुरुषांनी सही केल्यावर. १९७६ साली याच कोलंबसच्या स्पर्धेत त्या गटात जिंकणारी ती पहिली बाई ठरली. पुढे १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन वर्षं ती त्या गटाची विजेती होती. १९८४ साली कॅनडातल्या शर्यतीत झालेल्या अपघातात तिचे पाय चिरडले. दीड-दोन वर्षांच्या शस्त्रक्रियांनंतर १९८६ मध्ये ती पुन्हा गाडीत बसली. त्या गटात कोणीही कोणाला आघाडी देत नाही. तरी ती जिंकली. तिच्यानंतर त्या गटाचं विजेतेपद मिळवणारी दुसरी बाई, ब्रिटनी फोर्स, २०१७ साली आली. मधली ३५ वर्षं बायकांचे पाय ॲक्सिलरेटरपर्यंत पोचत नव्हते, असं समजायचं का? त्या खेळाला लागणारे लाखो डॉलर, प्रायोजक आणि शिकवणारी माणसं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, असंच म्हणायला हवं.

म्हणून मला ब्रॅकेट रेसिंगचं महत्त्व वाटतं. तिथे घरची जुनी गाडी चालते. लांब पँट, बंद बूट, गाडीची तपासणी आणि प्रवेश फी एवढ्यावर शिरता येतं. 'पावडर पफ' वेगळं आणि हे वेगळं. एकात बाईला बाजूला काढून तिचं कौतुक करतात. दुसऱ्यात तिच्या गाडीचा हिशेब करतात आणि तिला सगळ्यांबरोबर धावू देतात. आपल्याला काय हवं आहे, ते आपणही नीट ठरवायला पाहिजे. वेगळा मंच, वेगळं बक्षीस, आठ मार्चचा गुलाब, हे घ्यायला सोपं असतं. हिशेब मागणं अवघड असतं.

आता दुसरी फेरी सांगते. भाचीसमोर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, जुना पिकअप ट्रक घेऊन. भाची या वेळी वेळेवर निघाली, छान धावली, आधी पोचली आणि हरली! तिने १७.५५ सेकंद घेतले होते. स्वतःच्या आकड्यापेक्षा चांगली धावली म्हणून बाद. ती हिरमुसली. त्या बाई जवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी हवा गार झाली की गाडी जोरात पळते, पोरी. दर फेरीआधी आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. तो तुझाच आहे."

विमानात मी यावर विचार करत होते. आपल्या काचेवरही आकडे लिहिलेले आहेत. 'एवढंच शिक', 'एवढंच बोल', 'एवढंच कमव'. तो आकडा ओलांडला तर आपणही बाद होतो. घरातून, भावकीतून, कधी पक्षातूनही. फरक इतकाच, की तिथला आकडा चालक स्वतः लिहितो आणि हवा बदलली की पुसतो. आपला आकडा दुसऱ्याच कोणी तरी लिहिला आहे, आणि तो पुसायला गेलं की हात धरला जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आघाडीची लाज बाळगू नका, ती गाडीची आहे. 'फुकट मिळालं' म्हणणाऱ्याला आपल्या गाडीत बसून बघायचं आमंत्रण द्या. आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढं सांगावं, की माझ्या काचेवर कुठला आकडा आहे, तो कोणी लिहिला, आणि मी स्वतः लिहिला असता तर काय लिहिला असता. आमच्या गटात हे करून पाहिलं. लेखाचा विषय ऐकून हसलेल्या त्या दोघी-तिघी त्या दिवशी सर्वांत जास्त बोलल्या.