बाटली काळी झाली, मग पुढे?

माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. २००३चा मे महिना, दुष्काळ. सासरी येऊन जेमतेम दोन महिने झालेले. आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं) तसा दुष्काळाला सरावलेला, पण मी माहेरी नळाच्या पाण्यावर वाढलेली. सासूबाईंबरोबर हंडा घेऊन विहिरीवर गेले, तर तिथे एक जीप उभी. दोन माणसं विहिरीच्या कठड्यावर वाकून टेप आत सोडत होती. कठड्यावर रंगानं एक नंबर लिहिलेला.

सासूबाईंनी पदर खोचला आणि थेट विचारलं, ‘‘काय रं बाबा, किती ऱ्हायलं पानी?’’

‘‘अकरा मीटर चाळीस, मावशी.’’

‘‘आमाला मीटर नको सांगू. किती दिस पुरंल ते सांग.’’

तो माणूस हसला, वहीत आकडा लिहिला आणि दोघं पुढच्या गावाला निघून गेले. तिथं उभ्या असलेल्या आम्हा दहा-बाराजणींपैकी कुणालाच त्या आकड्याचा अर्थ कळला नाही. पुढची कितीतरी वर्षं कळला नाही.

मी इतिहास घेऊन बी. ए. झाले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत सुटला. पण बचत गटाच्या कामाला लागले आणि पाण्याचा विषय काही सुटेना. बायकांची मीटिंग कशाचीही लावा, कर्जाची लावा नाही तर शिलाई मशीनची, पाचव्या मिनिटाला पाणी निघतंच. मग एकदा हिय्या करून भूजल खात्याच्या एका अधिकाऱ्यांनाच विचारलं, की बाबा, तुम्ही वहीत लिहिता तरी काय?

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, आणि मला माझीच लाज वाटली. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही स्वतंत्र यंत्रणा पन्नासहून अधिक वर्षं काम करते आहे. तिच्या साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी राज्यभर ठरवून ठेवल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चार वेळा त्यांतल्या पाण्याची पातळी मोजतात. सगळ्यात महत्त्वाचा आकडा ऑक्टोबरचा. पाऊस संपला, जमिनीनं प्यायचं तेवढं पाणी पिऊन झालं, आता वर्षभराची शिल्लक किती? हा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. पातळी तीन मीटरपेक्षा जास्त खाली गेली असेल तर त्या भागात ऑक्टोबरपासूनच टंचाई धरतात. दोन ते तीन मीटर खाली असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून. या अंदाजावर टंचाईचा आराखडा होतो, टँकरचं गणित बसतं.

म्हणजे बघा, एप्रिलमध्ये माझ्या डोक्यावर हंडा येणार की नाही, हे ऑक्टोबरातच कागदावर आलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास. त्या वेळी आमच्या गावात कुणी उसाची नवी लागण करत असतं, कुणी आणखी एक बोअर पाडत असतं. तो आकडा तेव्हाच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला असता तर? सगळ्यांनी ऐकलं असतं असं मी म्हणत नाही. माणसं इतकी शहाणी असती तर काय हवं होतं! पण निदान बायकांना भांडायला हातात काही तरी मिळालं असतं.

हे झालं पाणी किती, त्याबद्दल. पाणी कसं, ही गोष्ट तर याहून अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

जलजीवन मिशन २०१९मध्ये सुरू झालं आणि प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याचं ठरलं. आमच्या गावातही झालं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या दोघी आणि शेजारच्या काकू. काकूंचं शिक्षण सातवी, वय पंचावन्नच्या पुढे. पण सगळ्यांत आधी किट शिकल्या त्या काकूच. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून औषध टाकायचं, रंग आला की तक्त्याशी लावून बघायचा. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन, सगळं असंच. काकू म्हणाल्या, ‘‘पापडखारापेक्षा सोप्पं आहे की गं हे. पापडखार जास्त पडला तर अख्खं पीठ वाया जातं.’’

आणि जंतूंसाठी ती वेगळी बाटली, एच-टू-एसची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेला ठेवून द्यायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर समजायचं, या पाण्यात घाण मिसळली आहे. घाण म्हणजे कसली, ते सकाळच्या चहाच्या वेळी सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात काकूंच्या फडताळातली बाटली काळी झाली.

त्या तशाच ती बाटली पदराखाली धरून ग्रामपंचायतीत गेल्या. तिथं त्यांना काय ऐकायला मिळालं असेल? ‘‘मावशी, हात धुतले होते का? पुन्हा एकदा करून बघा.’’ त्यांनी पुन्हा केली. पुन्हा काळी. मग सांगण्यात आलं, ‘‘बाहेर कुठं बोलू नका. गावाला लाल कार्ड येईल.’’

हे कार्ड प्रकरण शहरातल्या मैत्रिणींना माहीत नसेल. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावागावांतल्या पाण्याच्या जागांची पाहणी होते. विहिरीजवळ उकिरडा आहे का, पाइप गटारातून जातो का, टाकी कधी धुतली, टीसीएल पावडर शिल्लक आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. कल्पना चांगली आहे. अंगात ताप असला की थर्मामीटरचा पारा चढतो, तसंच हे. पण आपण पारा चढला म्हणून थर्मामीटरलाच लपवायला लागलो! लाल कार्ड म्हणजे गावाची बदनामी, सरपंचाची नाचक्की, आणि पुढच्या निवडणुकीत विरोधकांच्या हातात कोलीत. त्यापेक्षा बाटली काळी झालीच नाही म्हटलेलं बरं.

त्याच आठवड्यात काकूंच्या नातवाला जुलाब सुरू झाले. वाडीतल्या आणखी चार-पाच पोरांना झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, सलाइन लागलं, पोरं वाचली. आशाताईंनी मग कुणालाही न विचारता नमुना घेतला. निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचता केला. जंतूंच्या नमुन्याला उशीर चालत नाही, चोवीस तासांच्या आत तपासावा लागतो. अहवाल गावात यायला मात्र अकरा दिवस लागले. ‘पिण्यास अयोग्य.’ तोवर अकरा दिवस सगळं गाव तेच पाणी पीत होतं.

दोष निघाला तो अगदी साधा. मुख्य पाइपलाइन जिथं गटार ओलांडते, तिथला सांधा गळत होता. आता तुम्ही म्हणाल, गळतंय म्हणजे पाणी बाहेर जातंय, घाण आत कशी येईल? मलाही हाच प्रश्न पडला होता. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं, आमच्याकडे तर दिवसाआड तासभर. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होत जातो, आत पोकळी होते आणि भोवतालचं गटाराचं पाणी त्याच फटीतून आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सोडलं की पहिला लोंढा ती घाण घेऊनच आपल्या हंड्यात येतो. त्यामुळे टाकीजवळ पाणी तपासून भागत नाही. शेवटच्या घराच्या नळाला तपासायला हवं. शेवटचं घर बहुतेक गावांत कुणाचं असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि टीसीएल? पावडरचं पोतं होतं की! ग्रामपंचायतीच्या खोलीत, तोंड उघडं, ओल लागलेलं. या पावडरीत नवी असताना सुमारे तेहतीस टक्के क्लोरीन असतो. हवा, ओल, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. तो रोज नेमानं टाकीत पडत होता. वहीत रोज सहीसुद्धा होती. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले तर पाणी पिवळं व्हायला हवं, म्हणजे थोडा क्लोरीन शिल्लक आहे असं समजतं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. आमचं पाणी होतं तसंच राहिलं.

मी सरकारला झोडपायला बसलेले नाही. सांधा आठ दिवसांत दुरुस्त झाला, नवी पावडर आली, आमच्या ग्रामसेवकांनी (त्यांनाही आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) धावपळ केली. माझं म्हणणं वेगळं आहे. मोजणारे मोजतात. वह्या भरतात, आता तर मोबाइलवरही भरतात. पण मोजलेलं पाणी जी पिते, पाजते, उकळते, गाळते, तिच्यापर्यंत तो आकडा येत नाही. आणि तिनं स्वतः मोजलं, तर तिचं मोजणं कुणी धरत नाही.

शहरांत तरी वेगळं काय आहे? जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, माणसं दगावली, तेव्हा कुठे विहिरींचं, टँकरचं, आरओ केंद्रांचं पाणी तपासायला धावाधाव झाली. त्याच सुमारास बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीनं गळायला लागले. पहिला संशय पाण्यावर. पुढे तपासाची दिशा रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळली, पण मध्ये पाणी तपासलं तेव्हा त्यात नायट्रेट भरपूर निघालं. म्हणजे केस गळाले नसते तर ते नायट्रेट कुणाला कळलं असतं?

खरं तर कळायला हवं होतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या जवळजवळ वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. जिथं प्रमाण फार जास्त आहे, अशा जिल्ह्यांत आपले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ आहेत. कपाशीला, उसाला पोत्यांनी टाकलेला युरिया आणि उघड्यावरचं सांडपाणी झिरपत झिरपत विहिरीत उतरतं. अगदी तान्ह्या बाळाला वरच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्तातला प्राणवायू कमी पडून बाळ निळसर पडू शकतं. आणि इथं आपलं एक पक्कं घरगुती शहाणपण फसतं, ‘पाणी उकळून घ्या म्हणजे झालं.’ उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट नि फ्लोराइड मरत नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. सुईणीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी आपल्याला उकळायला शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही.

फ्लोराइडचं दुखणं तर बायकांना वेगळंच भोवतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आखडतात. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत हे जुनं दुखणं आहे. तिकडची एक कार्यकर्ती शिबिरात भेटली होती. हसताना तोंडावर हात धरायची. म्हणाली, ‘‘ताई, दोन स्थळं दात बघून परत गेली. मुलगी घाण राहते म्हणाले.’’ तिच्या गावच्या हातपंपाला लाल रंग दिला होता, पिऊ नका म्हणून. दुसरा पंप दीड किलोमीटरवर. मग काय, लाल पंपावरच गर्दी.

म्हणून आम्ही गावात एक केलं. फार मोठं नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर काळा रंग मारून फळा केला आणि त्यावर दर महिन्याला पाच ओळी लिहितो: कुठल्या नळाचं पाणी, तारीख, क्लोरीन, नायट्रेट, बाटली काळी की पांढरी. खाली विहिरीची पातळी, पण मीटरमध्ये नाही, दोरखंडाच्या हातांत. पहिल्या महिन्यात कुणी तरी रात्री तो फळा पुसला. काकूंनी सकाळी पुन्हा लिहिला. दुसऱ्यांदाही पुसला. तेव्हा त्यांनी तेलकट खडूनं लिहिला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. तेव्हापासून पुसलेला नाही. एका सदस्यांनी मात्र त्यांना रस्त्यात अडवून ऐकवलं, ‘‘तुमच्यामुळे पाहुण्यांत गावाचं नाव खराब झालं.’’ काकू म्हणाल्या, ‘‘नाव धुता येतं, भाऊ. नातू कुठून आणू?’’

या बायकांना या कामाचे पैसे किती आणि कधी मिळतात, हेही एकदा विचारायला हवं. आशाताईंच्या मागे आधीच पन्नास कामं. काकू तर फुकटच करतात. त्यांची बाटली काळी झाली की अठ्ठेचाळीस तासांत कुणी तरी गावात यायलाच हवं, असा साधा नियम व्हावा, आणि ज्या गावानं स्वतःहून दोष कळवला त्याला लाल कार्डाआधी दुरुस्तीचा निधी मिळावा, असा ठराव आम्ही महिला सभेत केला आहे. ठरावाची नक्कल पंचायत समितीला दिली, पोच घेतली. मैत्रिणींनो, तुमच्याही गावात, वॉर्डात पाण्याचा शेवटचा अहवाल कुठल्या तारखेचा आहे ते जाऊन मागा. पाणीपट्टीची पावती बरोबर न्या, बाकी काही लागत नाही.

येत्या मंगळवारी आमची महिन्याची तपासणी आहे. शेवटच्या घराच्या नळापासून सुरू करायची असं ठरलंय. किट काढून बघितलं तर नायट्रेटच्या औषधावरची मुदत संपून तीन महिने झालेत. नवी बाटली मागवलीय, दीड महिना झाला. काकू म्हणतात, उद्या त्या स्वतःच एसटीनं तालुक्याला जाऊन घेऊन येणार.