बरोबरीच्या नात्याने

वाचकहो, आपल्या घरातील एखादी मुलगी जर्मनीस ‘ओ पेअर’ म्हणून निघाली असेल, तर हे चार शब्द तिला अवश्य वाचावयास द्या. या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. यजमानांची मुले सांभाळावयाची, हलके घरकाम करावयाचे आणि राहणे, जेवण, हातखर्च व भाषा शिकण्याची संधी मिळवावयाची, असा हा व्यवहार.

पहिले दिवस कठीण जातात. रविवारी दुकाने बंद, रस्ते निःशब्द. रात्रीच्या गरम भाजी-भाकरीऐवजी पुष्कळदा पाव आणि चीज पुढे येते. शिकून नेलेली भाषा मुलांच्या भरभर बोलण्यापुढे तोकडी पडते. अशा वेळी संकोचाने ‘हो, हो’ म्हणणे घातक ठरते. मुलाला कोणते अन्न वर्ज्य आहे, शाळेतून त्याला केव्हा आणावयाचे, यांत अंदाज चालत नाही. समजले नाही, तर पुन्हा विचारावे.

ती तेथे पाहुणी नसते, तशी मोलकरीणही नसते. तेथील नियमांप्रमाणे काम आठवड्यास 30 तासांहून अधिक नसावे, आठवड्यातून दीड दिवस सुटी आणि दरमहा 280 युरो हातखर्च मिळावा. कामाचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावे. पारपत्र स्वतःजवळच ठेवावे.

आणि घरच्या मंडळींनी? ती रडली म्हणून लगेच ‘परत ये’ म्हणू नये. परंतु तिच्यावर अन्याय होत असेल, तर ‘सोसून घे’ असेही कधी सांगू नये.