सहकारी की ठेकेदार?

नगरपालिकेने सहकाराचे तत्त्व अंगीकारावे म्हणजे काय करावे, याचे उत्तर शोधण्यास रॉचडेलपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्यातील कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकरी स्त्रिया १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने संघटित झाल्या. पुढे त्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार तिच्याशी केला. येथे नागरिक दरमहाचे शुल्क थेट सभासदाच्या हाती ठेवतात. भंगाराचे उत्पन्नही तिचेच. श्रमाच्या मोबदल्यावर डल्ला मारणारा मध्यस्थच उरत नाही.

परंतु पालिकेची दृष्टी मात्र ठेका देणाऱ्याचीच राहिली. २०१३ साली करार संपला. नवा होण्यास २०१६ उजाडले. २०२० अखेर त्याचीही मुदत सरली, तेव्हा खाजगी कंपन्यांची चर्चा सुरू झाली! निविदेच्या तक्त्यात दराला रकाना असतो. हातमोज्यांना, वर्गीकरणाच्या शेडला, आजारपणाला नसतो. हजारो कुटुंबांची चूल अशा मुदतवाढींवर पेटती ठेवणे यास सहकार म्हणत नाहीत.

दीर्घ मुदतीचा करार हवाच. त्याहून महत्त्वाचा आहे निर्णयातील वाटा. प्रभाग समितीवर लोकसंघटनांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. या जागा बहुधा पक्षकार्यकर्त्यांच्या सोयीसाठी पाहिल्या जातात. त्यांतील एक कचरावेचक सभासदाला देण्यास नवा कायदा लागत नाही. नगरसेवकांनी नाव सुचवले की पुरे.