तें तसेंच वाजतें !

विहिरीवरच्या जुन्या इंजिनाजवळ उभें राहून एखाद्या शेतकऱ्यास विचारावें कीं, “हा खटखट आवाज कसला ?” आणि त्यानें विडी न विझवितां उत्तर द्यावें कीं, “तें तसेंच वाजतें,” असा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आला असेल. या तीन शब्दांत शहाणपण किती व आळस किती, याविषयीं आम्हांला आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम शहाणपणाविषयीं. आमच्या आजोबांच्या काळीं विहिरीवर मोट होती. चाकाची कुरकुर आणि थारोळ्यांत पाणी आदळल्याचा आवाज यांवरून बैल दमले आहेत कीं मोटकऱ्यास डुलकी लागली आहे, हें ओसरीवर बसलेल्या माणसास समजत असे. पुढें मोट गेली व तेलाचें इंजिन आलें. इंग्लंडांत डर्स्ली येथील लिस्टर कंपनीचें संथ चालीचें डिझेल इंजिन १९३० च्या सुमारास निघालें. त्याच धर्तीचीं इंजिनें नंतर राजकोटास होऊं लागलीं. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. त्या जुन्या पिढीचीं कांहीं इंजिनें अजून चालू आहेत, आणि ज्या घरीं तीं आहेत तेथील माणसांस त्यांच्या खोडी एखाद्या म्हाताऱ्या चुलत्याच्या खोडींप्रमाणें पाठ असतात.

हीं यंत्रें समजण्यास सोपीं कां, याचें कारण गणितांत आहे. संथ चालीच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचे मिनिटास सुमारें ६५० फेरे होतात. दोन फेऱ्यांत एकदां तेल पेटतें. म्हणजे मिनिटास ३२५ ठोके, सेकंदास पांच ते सहा. इतके ठोके कानास वेगळे ऐकूं येतात, व एखादा चुकला तर तो चुकल्याचें कळतें. तेंच १५०० फेऱ्यांचें इंजिन असेल तर सेकंदास बारांहून अधिक ठोके पडतात व सगळ्यांची मिळून एकच घरघर होते. तेव्हां जुनें यंत्र अधिक बडबडें असलें तरी तें कांहीं लपवून ठेवीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

हिंवाळ्यांत सकाळीं झडप मोकळी ठेवणारी दांडी उचलावी, हँडल मारून चाक जोरांत फिरवावें आणि मग दांडी सोडावी. (हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, उलट झटका बसला तर हात वांचण्याचा संभव असतो. ज्यानें एकदां तो झटका खाल्ला त्यास हें पुन्हां सांगावें लागत नाहीं.) थंड इंजिन कर्कश ठोकतें, कारण थंड सिलिंडरांत तेल पेटावयास क्षणभर उशीर होतो व मग तें एकदम भडकतें. तापल्यावर तो आवाज मऊ होतो. हा झाला स्वभाव. परंतु चांगलें तापल्यावरहि, भार पडतांच, आंतून खोल ‘धप् धप्’ असा नाद येऊं लागला तर तो स्वभाव नव्हे. बेअरिंग झिजलें असल्याचें तें गाऱ्हाणें असूं शकतें. काळा धूर निघाला तर भार न पेलण्याजोगा आहे किंवा तेल फार जात आहे. निळसर निघाला तर वंगणाचें तेल जळत आहे. आणि पंपाचें पाणी तुटलें म्हणजे भार एकाएकीं उतरतो, ठोके हलके पडूं लागतात, व जिनें इंजिनास जन्मांत हात लावला नाहीं ती आमची आई चुलीपुढून हांक मारीत असे, “अरे, पाणी तुटलें बघा !”

पवित्र शास्त्रांत बालक शमुवेलास रात्रीं हांक ऐकूं आली, पण ती कोणाची हें त्यास उमगेना. तो तीनदां उठून वृद्ध एलीकडे गेला, तेव्हां एलीनें त्यास सांगितलें. कान असणें निराळें व आवाज ओळखणें निराळें. पुष्कळ वडील मुलांस हँडल मारावयास शिकवितात, पण आवाज शिकवीत नाहींत. पालकांविषयीं आमची ही एक तक्रार आहे.

आतां आळसाविषयीं, आणि येथें आम्हांला स्वतःचीच गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या इंजिनाच्या चपट्या पट्ट्याच्या जोडाची एक क्लिप सैल झाली होती. प्रत्येक फेऱ्यास ती पुलीवरून जातांना ‘टक्’ असा आवाज होई. पहिल्या दिवशीं तो कानास टोंचला. आठवड्यानें टोंचेनासा झाला. महिन्यानें, खरें सांगावयाचें तर, ‘टक्’ चालू आहे म्हणजे सर्व ठीक आहे असें आम्ही समजूं लागलों. आमचा गडी दोनदां म्हणाला, “मालक, ही टकटक बरी नव्हं.” दोन्ही वेळां आम्हीं त्यास सांगितलें, “तें तसेंच वाजतें.” ऊंसाचें पाणी चालू असतां एके दुपारीं जोड तुटला व पट्ट्याचें टोंक त्याच्या दंडावर बसलें. हाड मोडलें. पट्ट्यावर बसवावयाची लोखंडी जाळी त्या वेळीं गोठ्यांत पडून होती, कारण तिचा खडखडाट आम्हांला नकोसा झाला होता ! त्याच्या औषधाचा खर्च व त्या दिवसांची मजुरी आम्हीं दिली. परंतु त्या हातानें पूर्वीप्रमाणें ओझें उचलवत नाहीं, हें आम्ही रोज पाहतों.

कडबा कापण्याचें यंत्र व मळणीयंत्र यांविषयीं अधिक लिहावयास नको. मळणीयंत्रांत गेलेल्या हातांची कथा इतकी सार्वत्रिक झाली कीं, १९८३ सालीं संसदेस धोकादायक यंत्रांसंबंधीं स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्यानें झांकण बसवितां येतें. तें काढून ठेवणारा हात मात्र घरचाच असतो.

आणखी एक हानि आहे, ती रक्त न सांडतां होते. दिवसांतून आठ तासांस ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानतात, व त्यावर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी धरावी असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. इंजिनाशेजारीं किंवा उघड्या ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षें बसणाऱ्याचे कान हळू हळू जातात, व गेलेले परत येत नाहींत. त्यांतहि बारीक, तीव्र स्वर आधीं जातात. म्हणजे सैल क्लिपेचा ‘टक्’ ऐकण्याचें सामर्थ्य प्रथम नाहींसें होतें ! कानांत कापसाचा बोळा घालून फारसें साधत नाहीं. त्यासाठीं केलेल्या बुचांस किंमत फार पडत नाहीं. तीं घातल्यानें इंजिनाचें बोलणें कळेनासें होतें ही समजूतहि खरी नव्हे. ठोके हलके ऐकूं येतात, पण येतात.

कोणी म्हणेल, हीं जुनीं धुडें मोडींत घाला व विजेची मोटार बसवा. ज्यास शक्य आहे त्यानें अवश्य बसवावी. परंतु शेतीची वीज पुष्कळ गांवीं पाळीपाळीनें, तीहि रात्रींबेरात्रीं, मिळत आली आहे, व ज्याच्या हातीं भांडवल नाहीं त्यास जुन्यावरच भागवावें लागतें. शिवाय मोटारीसहि स्वतःची गुणगुण असतेच.

विद्यार्थ्यांनीं दिवाळीच्या सुटींत एक करून पाहावें. इंजिनाकडे पाठ करून उभें राहावें, आणि भार केव्हां पडला, केव्हां उतरला, हें वडिलांस सांगावें. चुकाल, पण तीन दिवसांत चुका कमी होतील. वडिलांनींहि एक करावें : मुलानें “हा आवाज कसला ?” असें विचारल्यास ठाऊक असेल तें सांगावें, नसेल तर इंजिन बंद करून दोघांनीं मिळून पाहावें.

आमच्या इंजिनघराच्या भिंतीवर आतां खडूनें नोंद ठेवण्याची रीत पडली आहे. नवा आवाज आला कीं तारीख व आवाज. पहिली नोंद गड्यानें सांगितली व आमच्या आठवींतील मुलीनें लिहिली : “पंपाकडून बारीक शीळ.” आम्हांला ती ऐकूं आली नव्हती. इंजिन थांबवून तपासतां विहिरींत सोडलेल्या नळाच्या जोडांतून हवा शिरत होती. जोड आवळावयास दहा मिनिटें लागलीं.