आपला परिसर : न्हाणीघरातला कोळी

मंडळी, सप्टेंबर लागला की डीमनमधल्या आपल्या घरांतून एक आरोळी हमखास उठते, "बाबा, टबमध्ये कोळी!" चप्पल उगारण्याआधी एवढे वाचावे, ही आमची विनंती.

हा लांब तंगड्यांचा पाहुणा बहुधा नर असतो. वयात आल्यावर तो आपले जाळे सोडून मादीच्या शोधात निघतो आणि टबच्या गुळगुळीत भिंती चढता न आल्याने अडकतो. निघण्यापूर्वी त्याने शिदोरी बांधलेली असते. पोटाखालून आलेला शुक्राणूंचा थेंब तो एका चिमुकल्या जाळीवर ठेवतो आणि तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांत भरून घेतो. मीलनाच्या वेळी तेच कामी येतात.

बहुतेक जातींचे नर मोठेपणीही शुक्राणू बनवत राहतात. सगळ्यांचे मात्र तसे नाही. पीटर मिखालिक व क्लेअर रिटशॉफ यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सोनेरी जाळ्याच्या कोळ्याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. (आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पायवाटेवर भले मोठे जाळे विणणारा कोळी याच्याच भाऊबंदांपैकी.) या नराचे सगळे शुक्राणू शेवटची कात टाकण्याआधीच तयार होतात आणि वृषणे आकसून जातात. जवळचा साठा संपला की संपला!

असे का? ज्या जातींत मादी नराला खाते किंवा मीलनात त्याचा अवयव मोडतो, तिथे हा प्रकार जास्त आढळतो. दुसरी संधीच नसेल, तर ताकद कशाला खर्चावी?

मादीने नराला खाण्याचा प्रकार पाहायला अमेरिकेला जायला नको. १९८० साली लिंबुर्गमध्ये प्रथम आढळलेली, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची 'वेस्पस्पिन' आता हॉलंडभर पसरली आहे. उंच गवतात ती जाळे विणते. तिचे बहुतेक नर पहिल्याच भेटीत तिच्या पोटात जातात. जो वाचतो, त्यालाही फार तर आणखी एकदा मीलन जमते, कारण प्रत्येक अवयव एकदाच वापरता येतो. त्याचे टोक मोडून मादीच्या शरीरात राहते व पुढच्या नराची वाट अडवते.

आपल्या टबमधल्या नराचे नशीब त्या मानाने बरे. मादी सापडली तर काही आठवडे तो तिच्याच जाळ्यात राहतो आणि तिथेच मरतो. त्याच्या वाट्याला हा एकच हंगाम असतो. तेव्हा टबच्या काठावरून एक टॉवेल आत सोडून ठेवा, रात्रीतून तो आपला आपण चढून जाईल. त्याआधी मुलांना जरूर दाखवा : तोंडाजवळ बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखे दोन गोळे दिसले, तर तो नर!