सहा खोल्या हव्या आहेत

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक



शहरात कोणाचं माणूस गेलं, हे नातेवाइकांच्या पाठोपाठ महापालिकेला कळतं. अमरधाम आपलं, मोफत अंत्यसंस्कार योजना आपली, 21 दिवसांत मृत्यूची नोंद झाली की दाखलाही आपलाच. पुढे बँक, विमा, पेन्शन, सातबारा, प्रत्येक ठिकाणी मागे राहिलेल्यांना तोच दाखला पुढे करावा लागतो. म्हणजे विभागीय कार्यालयातल्या त्या खिडकीवर नुकतंच दुःख कोसळलेली माणसं रोज येतात आणि कागद घेऊन परत जातात. माझी मागणी त्या खिडकीपासून सुरू होते.

दुःखी माणसाला सांभाळणं नाशिकला नवं नाही. कुठून कुठून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. दहाव्या-तेराव्यावर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्या दिवसांत घर भरलेलं असतं, शेजारी पिठलं-भात आणून देतात, रडण्याला मुभा असते. तेरावं उरकलं की पाहुणे निघतात. मग घराचे हप्ते, मुलांची फी, पहिली दिवाळी आणि ‘आता सावर’ असं सांगणारे लोक. ऐकून घेणाऱ्याची खरी गरज तेव्हा लागते.

दुःख हा आजार नव्हे. बहुतेकजण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पण सहा महिने उलटूनही शोक तसाच तीव्र राहिला आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. अशा शोकावर दुरूनही मदत करता येते. झुरिक विद्यापीठात बिर्गिट वाग्नर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून पाच आठवड्यांचा उपचार करून पाहिला. माणसं आपल्या दुःखाबद्दल लिहीत आणि समुपदेशक त्यांना लेखी उत्तर देत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झालेला दिसला. आपल्याकडे 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. पैसे मोजू शकणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉलवर भेटणारे खासगी समुपदेशकही आहेत.

मग अडतं कुठे? पहिलं असं की हा क्रमांक योग्य वेळी कोणी हातात देत नाही. दुसरी अडचण घरातली आहे. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, मुलं यांच्या देखत नवरा गेलेली बाई फोनवर काय बोलणार? आणि दुःख फक्त मृत्यूचंच नसतं: अंबडच्या कारखान्यातून कमी केलेला कामगार ती गोष्ट बायकोला सांगायला कचरतो, तो तिच्यासमोर समुपदेशकाशी कसा बोलेल? मोटारीत काचा चढवून मन मोकळं करायची सोय मोटार असणाऱ्यांना आहे. ‘घरबसल्या उपचार’ म्हणताना घरात बंद करता येईल असं एक दार आपण गृहीत धरतो. शहरातल्या किती घरांत ते आहे?

म्हणून तीन गोष्टी करा. मृत्यूच्या दाखल्यासोबत 14416 छापलेलं एक साधं कार्ड द्या. ज्यांची संमती असेल त्यांना सहा आठवड्यांनी महापालिकेकडून फोन जाऊ द्या: ‘कसे आहात, कोणाशी बोलायचंय का?’ आणि सहाही विभागांत, एखाद्या अभ्यासिकेत, दवाखान्यात किंवा समाजमंदिरात, एकेक खोली राखून ठेवा. आतून कडी, एक खुर्ची, चांगलं इंटरनेट, नाव न विचारता मिळणारी तासाभराची वेळ. बाहेर ‘मानसिक आरोग्य’ असा फलक नको. तो वाचून लोक मागे फिरतील. एका फोनने दुःख निवळत नाही, म्हणून त्याच समुपदेशकाशी पुन्हा बोलता यावं, अहिराणीत बोलणाऱ्यालाही समजून घेणारं कोणी असावं आणि नेमणुकीपूर्वी प्रत्येकाची पात्रता तपासलेली असावी.

हे काम राज्याच्या आरोग्य खात्याचं, असं उत्तर येईल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, हे खरं. पण दाखल्याची खिडकी आणि गल्लीतली अभ्यासिका राज्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. शिवाय महापालिकेच्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी ऑक्सिजनची गळती झाली आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला 5 लाख रुपये जाहीर केले. कोरोनाच्या त्या साथीत कित्येक घरांना शेवटचं दर्शन मिळालं नाही, खांदा देता आला नाही, चार माणसं जमवून दहावा करता आला नाही. सांत्वनाची जुनी रीत अशी एकदम तुटते तेव्हा काय होतं, हे या शहराने पाहिलं आहे. ती घरं आजही इथेच आहेत.

2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट होत आहेत, व्हायलाच हवेत. त्या खर्चापुढे सहा खोल्यांचा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नाही. दरवर्षी 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची भाषणं होतात. यंदा त्या दिवशी निदान एका विभागात एक खोली सुरू करा. वर्षभर किती जण आले ते मोजा, नावं नोंदवू नका. कोणीच आलं नाही, तर खोली पुन्हा अभ्यासिकेला देऊन टाका. माझी हरकत नसेल.

आपला,
एक नाशिककर करदाता